बोडीवरची पाळी

यादोरावला घाई केलेली खपत नसे. तीस वर्षं तलावाचं पाणी वाटलेला माणूस तो. सगळं गाव पाण्यासाठी उतावीळ झालेलं असताना आपण एकट्याने डोकं थंड ठेवायचं, हीच त्याची नोकरी होती. मोहाडी तालुक्यातल्या बोरघाटात तो जन्मला आणि तिथेच म्हातारा झाला. तलावातून शेतांना पाणी सोडायचं जे दार असतं, त्याला इकडे तुडुम म्हणतात. ते तुडुम उघडायचं, बंद करायचं, आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी कधीपर्यंत चालेल यावर नजर ठेवायची, असं पाणकराचं काम त्याच्याकडे होतं. धान निसवायला आलं आणि पावसाने दडी मारली की भाऊ भावाला ओळखत नाही. अशा दिवसांत यादोराव हातात काठी घेऊन शेताच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्याने फिरायचा आणि पाळी संपली की पाणी तोडायचा. मग समोर सरपंच असो की सासरा.

तलाव दोन गावांचा होता, बोरघाटचा आणि चढावरच्या आमटोल्याचा. आमटोल्याच्या टेकचंदला यादोरावचा हिसका एकदा बसला होता. टेकचंद मोठा शेतकरी, बोलायला गोड, पण पाणी दिसलं की त्याचा जीव सुटायचा. पाळी संपली तरी ‘थोडा टाइम, यादोराव, थोडा टाइम’ करत तो धुऱ्यावर बसून राहिला. यादोरावने पाण्याची वाट बुजवली आणि पुढच्या शेतवाल्याला हाक मारली. टेकचंद तो हंगामभर त्याच्याशी बोलला नाही. पुढच्या वर्षी मात्र पाणकर कोण ठेवायचा म्हणून बैठक बसली, तेव्हा यादोरावचं नाव पहिल्यांदा घेतलं ते टेकचंदनेच. जो मला उघडपणे जास्तीचं पाणी देत नाही तो दुसऱ्याला चोरून काय देणार, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून दोघांचं बरं जमलं. एक ‘जय भीम’ म्हणायचा, दुसरा ‘राम राम’, आणि दोघांची तंबाखू एकाच चंचीतून निघायची.

बोरघाटच्या खालच्या अंगाला बौद्धांचा टोला, म्हणजे वस्ती आहे. यादोरावचं घर त्याच्या शेवटच्या ओळीत. त्याचे वडील डोमाजी एके काळी गावातली मेलेली ढोरं ओढायचे. करायचं म्हणून नव्हे, त्या घरात जन्मले म्हणून. छप्पन सालच्या दसऱ्याला ते दीक्षा घ्यायला नागपूरला गेले. परत आले ते घरात शिरलेच नाहीत. ओसरीत टांगलेला ओढायचा दोर काढला, तसेच नदीवर गेले आणि वैनगंगेत सोडून आले. यादोराव तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला काही आठवायचं कारण नाही. पण आईने इतक्यांदा सांगितलं होतं की, दोर पाण्यावरून वळवळत कसा गेला ते आपण डोळ्यांनी पाहिलं, असंच तो धरून चालायचा.

पुढे गावात ढोर मेलं की टोल्यात निरोप यायचा आणि डोमाजी आपल्या दारात बसून राहायचे. मग त्यांना कोणी मजुरीलाही बोलवेना. घरात पेजेवर दिवस काढले, पण डोमाजी उठले नाहीत. मरताना त्यांनी पोराला शेतीवाडी काही दिली नाही, होतीच कुठे द्यायला. एवढंच सांगितलं, गावचं ढोर ओढू नको. यादोरावने आयुष्यात पुष्कळ गोष्टी ठरवल्या आणि मोडल्या. तंबाखू तर दर वर्षी सोडली. हे एक मात्र त्याने मोडलं नाही.

आता नालीची गोष्ट. आमटोला वर, बोरघाट खाली, आणि त्याच्याही खाली नदी. मागच्या काही वर्षांत दोन्ही गावांत घरोघरी संडास झाले, मग सिमेंटच्या नाल्या झाल्या, मग नळ आले. एकेक गोष्ट चांगलीच. पण संडासच्या टाक्या भरल्या की त्यांच्या वरच्या पाइपाचं पाणी नालीत, आमटोल्याची नाली बोरघाटच्या नालीत, आणि दोन्ही मिळून नदीत. पाऊस आला की उकिरडे, गोठे, रस्त्यावरचं प्लास्टिक, सगळंच त्यात धुऊन यायचं. आणि नाली जिथे नदीला मिळते तिथून हाकेच्या अंतरावर नळयोजनेची विहीर. ती योजनाही दोन्ही गावांना मिळून एकच. म्हणजे आमटोल्याने सकाळी जे खाली सोडलं तेच काही दिवसांनी नळातून वर चढायचं. यादोरावची बायको पंचफुला म्हणायची की नदी मोठी इमानदार आहे, कोणाचं काही ठेवून घेत नाही.

एका उन्हाळ्यात दोन्ही गावांत कावीळ पसरली. टेकचंदचा मुलगा भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडून होता. यादोरावची नात रुचिता दहावीची परीक्षा अर्धी टाकून घरी आली आणि हळदीसारखे डोळे घेऊन भिंतीला टेकून बसली. बोरघाट म्हणे आमटोल्याची घाण, आमटोला म्हणे बोरघाटने विहीरच चुकीच्या जागी खोदली. शेवटी जिल्ह्यावरून एक इंजिनिअर बाई आल्या. बोलायला सरळ होत्या. विहिरीची जागा आता हलत नाही, घाणच अडवा, असं त्यांनी सांगितलं. बोरघाटच्या खाली, नदीच्या अलीकडे एक जुनी बोडी होती, बोडी म्हणजे लहानसा तलाव. नालीचं पाणी थेट नदीत न सोडता आधी या बोडीत घ्यायचं. नालीच्या तोंडाशी लोखंडी जाळी लावायची, म्हणजे कचरा तिथेच अडेल, आणि जाळीच्या पुढे पाणी वळवायला एक फळी बसवायची. बोडीत कर्दळ आणि लव्हाळे लावायचे, तिथे गाळ बसेल आणि पाणी निवळून पुढे जाईल. पावसाचं पहिलं पाणी सगळ्यांत घाण, ते बोडीत घ्यायचं. नाली धुऊन निघाली की फळी फिरवून पुढचं चांगलं पाणी बाजूने नदीला सोडायचं, नाहीतर बोडी फुटेल. सगळ्यांना पटलं. राहिला एकच प्रश्न. जाळी रोज साफ केली नाही तर तुंबणार. ती कोणी करायची?

आमटोल्याच्या शाळेत दोन्ही गावांची सभा भरली होती. आमटोल्याचे सरपंच केशवराव स्वभावाने वाईट माणूस नव्हे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सहज, अगदी भाजीत मीठ टाकायला सांगावं तसं सांगितलं.

“यादोराव, तुमच्या टोल्यातले दोन पोरं पाहून द्या ना. मजुरी देऊ आपण.”

सभेत इतकी माणसं होती, दोन्ही गावांची बेकार पोरं मागे मोबाइल पाहत उभी होती, पण केशवरावांना आठवला तो टोलाच. वाईट याचंच वाटतं की त्यांना आपण काय बोललो हे कळलंसुद्धा नाही. यादोराव उठला. ज्या खुर्चीवर बसला होता ती घडी करून भिंतीला लावली आणि बाहेर पडला. त्याच्यामागे टोल्यातली सगळी माणसं उठली.

जाळी बसली, बोडी खोल केली गेली, पण जाळी साफ करायला कोणी नाही. पावसाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात जाळी गच्च तुंबली आणि घाण पाणी टोल्याच्या गल्लीत शिरलं. मग कोणीतरी जाळीच उपटून बाजूला फेकली. नदी होती तशीच राहिली. पावसाळा सरता सरता पुन्हा कावीळ आली, आणि या खेपेला रुचिता तिसऱ्या दिवशीही उठून बसेना. यादोराव तिच्या उशाशी बसून राहायचा. तो सभेतून उठून आला ते बरोबरच होतं, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. पण नातीच्या डोळ्यांत पाहिलं की त्या बरोबर असण्याचा त्याला काही उपयोग दिसेना.

पंचफुला त्याला मुकाट बसू देणारी नव्हती. तिने एक दिवस पोरीसाठी पाणी उकळता उकळता विचारलं, “तलावाच्या पाण्याले पाळी रायते. मंग घाणीले काहून नाई?”

तीस वर्षं पाळ्या लावलेल्या माणसाला हे सुचू नये आणि बायकोला चुलीपाशी सुचावं, याची यादोरावला जराशी लाजच वाटली. पण त्याने ती झाकली नाही.

रुचिता बरी झाली तसा तो स्वतः केशवरावांकडे गेला आणि म्हणाला, सभा बोलवा. त्या सभेत त्याने आधी डोमाजींच्या दोराची हकीकत सांगितली. आवाज चढवला नाही. केशवरावांची मान खाली गेली. मग त्याने पाळी मांडली. रोज एक घर. सुरुवात वरून, म्हणजे आमटोल्याच्या पहिल्या घरापासून, आणि उताराने खाली येत टोल्याच्या शेवटच्या घरापर्यंत. कोणाची सूट नाही. आणि तलावाचा जो नियम तोच इथे. पाळी बदलता येते, विकता येत नाही. अडचण असली तर शेजाऱ्याशी बदलून घ्या आणि त्याची पाळी आली की फेडा, पण मजूर लावून पाळी करायची नाही. लोक कुरकुरले. पण कावीळ कोणत्या घराला सोडत नाही हे सगळ्यांनी पाहिलं होतं. हो-ना करत ठरलं.

दिवाळी झाली, उपटलेली जाळी परत बसवली आणि पाळी सुरू झाली. आमटोल्याचं वरचं पहिलं घर टेकचंदचं.

त्या सकाळी यादोराव बोडीच्या काठावर गवत कापत बसला होता. घरी एक शेळी, तिला एवढं गवत कशाला लागतं हे कोणी विचारलं नाही. जाळीवर टेकचंद आला नाही. आला तो सुगत, यादोरावच्या पुतण्याचा मुलगा. हातात दाताळं, पायात गमबूट. टेकचंदकाकांनी पाठवलं, मजुरी चांगली देणार आहेत, असं त्याने सांगितलं. सुगतचं लग्न नुकतं झालेलं, हाताला काम नाही. त्याच्यावर रागावून काय होणार होतं? यादोरावने त्याला दाताळं खाली ठेवायला सांगितलं आणि चढाची वाट धरली.

टेकचंद ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत होता. यादोरावला पाहताच त्याने गुडघ्याची कहाणी सुरू केली. यादोरावने ती पूर्ण ऐकून घेतली.

मग तो म्हणाला, “गुडघे मायेबी दुखतेत, टेकचंदभाऊ. पन पाळी इकता येत नाई. बदलून घ्या. आज तुमची मी करतो. मायी आली का तुमी करा.”

टेकचंदच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. ज्या माणसाने भर सभेत आपल्या बापाचा दोर सांगितला, तोच आज माझ्या घरची घाण उपसायला जातो म्हणत होता, तेही सगळ्यांच्या आधी आणि सगळ्या गावादेखत. नियमाने त्यात काही चूक नव्हती. तेवढ्यात आतून त्याची बायको रुखमा बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. कोपऱ्यातलं फावडं उचललं, पदर खोचला आणि पायरी उतरली.

“या घरची पाळी हाय,” ती म्हणाली. “मी चालली. तुमी लावा तेल.”

आमटोल्याच्या लोकांनी त्या सकाळी जे पाहिलं ते अजून सांगतात. पुढे फावडं घेऊन रुखमा, तिच्यामागे लंगडत आणि ‘थांब ना, थांब ना’ करत टेकचंद, आणि दोघांच्या मागे मोकळ्या हाताने यादोराव. जाळी नवराबायकोने मिळून साफ केली. टेकचंदला कसं धरायचं हेही माहीत नव्हतं. रुखमा त्याला गोठ्यातलं शेण ओढायला शिकवावं तसं शिकवत होती.

त्यानंतर पाळी अडली नाही. केशवरावांचा दिवस आला तेव्हा ते पांढऱ्या कपड्यांत आले, फोटोपुरतं दाताळं धरायला. दाताळं जाळीत असं अडकलं की ते सोडवता सोडवता कपड्यांचा रंग गेला आणि जाळी साफ झाली. फोटो मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचला. पाणी काही काचेसारखं झालं नाही. टाकीत औषध अजून टाकावंच लागतं. पण नदीच्या घाटावरचा वास कमी झाला. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही गावांत मिळून कावीळ दोघा-तिघांनाच झाली आणि रुचिताने राहिलेले पेपर दिले. टेकचंदला तर बोडीचा नादच लागला. पाऊस आला की फळी फिरवायला तो आपण होऊन खाली यायचा.

पाळी उतारावरून खाली सरकत राहिली. नवरात्र बसलं आणि ती टोल्याच्या शेवटच्या ओळीत आली.

यादोरावने आपल्या पाळीचा विचार आधीच करून ठेवला होता. जाळीत आपल्या घरचीही घाण येते, सगळे उतरले, आपणही उतरायचं. डोमाजींनी याला नाही म्हटलं नसतं. त्याच्या मनात काही अडलं नव्हतं. दोन दिवस पाऊस लागून होता. तो गमबूट घालून पोहोचला तेव्हा नालीला लोंढा आला होता, पाणी जाळीला थटून मागे चढत होतं आणि टोल्याच्या पहिल्या गल्लीत शिरायला टेकलं होतं. फळीवर टेकचंद होता. पाणी पाहायला दोन्ही गावांची माणसं जमली होती. यादोराव पायऱ्यांवरून खाली उतरला आणि थांबला.

जाळीला एक मेलेलं वासरू अडकलं होतं. लोंढ्याने कुठून आणलं कोण जाणे. पोट फुगलेलं, गळ्यात दावं तसंच. ते काढल्याशिवाय जाळी मोकळी होणार नव्हती.

सगळ्यांनी ते पाहिलं. त्या सभेनंतर यादोरावला ‘ओढा’ म्हणायची कोणाची छाती नव्हती. यादोरावने मनाशी हिशेब केला. पाळी आपली, नियम आपण केलेला, पाणी आपल्याच टोल्यात शिरतंय, आणि पुढ्यात हे. त्याने एक पाय पुढे टाकला, तो परत मागे घेतला. ओसरीत टांगलेला दोर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मागून सुगत म्हणाला, आबा, मी ओढतो. यादोराव वळलाही नाही.

“तू तं बिलकुलच नाई,” तो म्हणाला.

मग त्याने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “जाळी मी साफ करीन. हे मी ओढनार नाई.”

पाणी चढत होतं. टेकचंद फळीपासून हलला आणि गुडघा धरत एकेक पायरी उतरत यादोरावपाशी आला.

“पाळी बदलून घेऊ, यादोराव,” तो म्हणाला. “आज मायी. मायी आली का तुमी करा.”

यादोरावने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. “जमन का तुमाले?” एवढंच त्याने विचारलं.

“रुखमीनं शिकवलं हाय,” टेकचंद म्हणाला.

टेकचंदने आपल्या ट्रॅक्टरवरचा दोर मागवला. कंबरभर पाण्यात उतरून त्याने तो वासराला बांधला. वर ओढायला केशवराव आले, आमटोल्याची आणखी दोन माणसं आली. टोल्यातल्या कोणाला त्यांनी हाक मारली नाही. यादोराव फळीपाशी जाऊन उभा राहिला. जाळी मोकळी झाली, तुंबलेलं पाणी बोडीत धावलं, गल्ली वाचली. पाण्याचा रंग बदलेपर्यंत त्याने वाट पाहिली आणि मग फळी फिरवली. कधी फिरवायची हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. त्याला हलकं वाटत होतं, आणि या वयात दुसऱ्याने आपल्यासाठी चिखलात उतरावं याचं थोडं वाईटही वाटत होतं.

वरच्या बाजूला खड्डा करून त्यांनी वासरू पुरलं. माती लोटायच्या आधी टेकचंदने हातातला दोर गुंडाळला आणि खड्ड्यात टाकला. कोणीतरी म्हणालं, नवा दोर आहे, धुऊन चालेल. टेकचंदने पायानेच माती ढकलली.

घरी पंचफुलाने गरम पाणी काढून ठेवलं होतं. यादोरावने सगळं सांगितलं. शेवटी तिने एकच विचारलं.

“आन दोर?”

“पुरला त्यानं. वासरासंगंच.”

पंचफुलाने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, “मंग त्याची पाळी चांगली करजा.”

दिवाळीनंतर पाळी पुन्हा वरून सुरू झाली. पहिलं घर टेकचंदचं. त्या सकाळी दव पडलेलं असतानाच यादोराव गमबूट घालून जाळीत उतरला. त्याला कोणी निरोप पाठवला नव्हता.